अकरा ठिपके

"आई, तुमच्या सत्तेचाळीस नंबरने अख्खी लॅब हलवली," सून दारातूनच म्हणाली, एका पायात बूट आणि दुसरा हातात. "मोठे सर काल त्या कागदासमोर दहा मिनिटं नुसते उभे होते. उद्या बाहेरची तज्ज्ञ मंडळी येतायत ना, त्यांना मी तोच दाखवणार." आक्काच्या हातातला कप बशीत टेकला तो नको तेवढा वाजला. "दाखव की," आक्का म्हणाली, "नुसतं उभं राहायला तुझ्या सरांना आणखी चार माणसांची सोबत होईल." सून हसली, बुटात पाय कोंबला, किल्ली आहे का म्हणून पर्स चाचपली आणि गेली. जिन्यावरची पावलं एकेक मजला उतरत गेली, खालचं लोखंडी दार आपटलं, आणि घरात फ्रीजची घरघर तेवढी राहिली. कपात चहा अर्धा होता. चहा टाकून देणाऱ्यांना आक्का जन्मभर बोलत आली होती. आज तिने तो उठून सिंकमध्ये ओतला आणि तपकिरी ओघळ पार जाईपर्यंत नळ सोडून उभी राहिली, जसं काही मागून कोणी तपासायला येणार होतं.

सत्तेचाळीस नंबर म्हणजे कोणी माणूस नव्हे; मणी. काचेचा, गोल, एका केसाच्या जाडीत पंधरावीस शेजारी शेजारी बसतील एवढा. त्याच्या अर्ध्या अंगाला धातूचा लेप असतो, आणि त्याला सोडतात ते पाणी जखम धुवायच्या त्या फेसाळ औषधाच्या जातीचं असतं. लेपाच्या बाजूला औषध फुटतं आणि मणी उलट दिशेला चालू लागतो. ढकलणारं कोणी नाही, ओढणारं कोणी नाही. औषध आहे तोवर आपला आपण चालतो. सून त्याला कण म्हणते. आक्का मणी म्हणते, कारण कण म्हटलं की खरकट्या ताटाला चिकटलेलं काहीतरी डोळ्यापुढे येतं, आणि ही तर चालतीबोलती पोरं; बोलत नाहीत तेवढंच बरं. सुनेचं काम असं की खालच्या काचेवर बारीक नक्षी कोरायची, कुठे चर, कुठे उठवलेले गोल ओटे, आणि त्या नक्षीवर मणी कसकसे जातात ते बघायचं. लॅबमधलं यंत्र बघतं, पण ओट्यांच्या कडा दिव्यात चकाकतात आणि नेमका तिथेच यंत्राला मणी दिसेनासा होतो. गेल्या वर्षी दोन महिने त्या यंत्राशी झटून सून रडकुंडीला आली होती. "माणसाच्या डोळ्याने बघावं लागणार," ती म्हणाली, "पण इतका वेळ बघत बसणारा डोळा आणू कुठून?" तेव्हा आक्का म्हणाली होती, "मग मी काय घरात भिंतीवर टांगायला ठेवलेय?"

डोळा हा आक्काचा मान होता. शाळा चौथीत सुटली, नवरा लवकर गेला, पण डोळा राहिला, आणि त्या डोळ्यावर चाळीस वर्षं तिने रफूचं काम केलं. कोट, शाली, लोकरीच्या विजारी. झुरळाने खाल्लेलं, सिगारेटीने जाळलेलं, खिळ्याला अडकून फाटलेलं. आतल्या शिवणीतून त्याच कापडाचे धागे काढायचे, भोकावर एका दिशेने सरळ टाकायचे, मग आडवे, एक वर एक खाली, आणि शेवटी बोटाच्या पेराने घासून घासून नवं आणि जुनं एक करायचं. आक्काने रफू केलेला कोट उजेडात धरा, उलटा करा, भोक कुठे होतं ते तो घालणाऱ्यालाही दाखवता यायचं नाही. "दिसला तर रफू कसला, ठिगळच म्हणायचं ते," असं ती म्हणायची, आणि दुसऱ्या बायकांचं काम हातात आलं तर नाक मुरडून बाजूला ठेवायची. तिने कधी नाकावर माशी बसू दिली नाही, आणि त्या नाकाला आधार होता तो वरच्या दोन डोळ्यांचा.

तर टेबल खिडकीकडे पाठ करून लावलं गेलं. लॅपटॉपच्या पडद्यावर पारदर्शक प्लास्टिकचा कागद चिकटवायचा, हातात बारीक टोकाचं पेन घ्यायचं, फिल्म संथ केलेली असते. दर पंधरा सेकंदांनी यंत्र टुंग करतं, कोपऱ्यात आकडा बदलतो, आणि त्या क्षणी मणी जिथे असेल तिथे वर एक ठिपका द्यायचा. एका मण्याला एक कागद. लांब बटण दाबलं की फिल्म थांबते, पुन्हा दाबलं की चालते. मागे न्यायचं बटणही सुनेने दाखवलं होतं, पण त्याने एकदा सगळी फिल्म पहिल्यापासून सुरू झाली होती, तेव्हापासून आक्का त्याच्या वाटेला गेली नव्हती. सकाळी सुनेची पावलं जिन्यावरून उतरली की आक्का खुर्चीत बसायची आणि डोळ्यांत तेल घालून बघायची. आठवडाभरात तिला मण्यांचे स्वभाव कळले. एका ओट्याची कड सापडली की तिच्याभोवती फिरफिरफिरत राहणारे, ते घरजावई. प्रत्येक ओट्याशी जाऊन डोकावून पुढे जाणारे, ते चोंबडे. आणि ज्यांचा लेप नीट बसलेला नाही ते नुसते हलणारे. पाणी हलवतं म्हणून थरथरतात, जागा सोडत नाहीत. त्यांचा कागद करायचा नसतो. "हलणं निराळं आणि चालणं निराळं," सुनेने पहिल्याच दिवशी बजावलं होतं, आणि आक्काला ते असं लागलं की रात्री अंथरुणावर तिने उगीचच पाय हलवून पाहिला होता.

घरजावई सगळ्यांत जास्त. एक दिवस ती म्हणाली, "याला काय डिंक लावलाय का गं तिथे? सोडतच नाही मेला." सून भांडी पुसत होती. "डिंक नाही. कोणी धरलेलंही नाही त्याला," ती म्हणाली, "तो स्वतःच्याच जोराने कडेवर रेटत असतो. रेटतो म्हणून चिकटून राहतो. जोर संपला तर सुटेल." "मग थोडा दम का खात नाही?" "दम खाणं त्याच्या हातात नाही, आई." आणि मग पुसलेलं ताट पुन्हा पुसत सून म्हणाली, की तिला शोधायचंय ते हेच, गोल ओट्याला टोक नाही, कोपरा नाही, तरी क्वचित एखादा सुटतो तो कशाने? पाण्याच्या हेलकाव्याने तोंड बाहेर वळलं म्हणून सुटतो, असं सगळे मानतात, आणि तसा सुटलेला मणी मग झिंगल्यासारखा कुठेही जातो. याहून वेगळं काही दिसलं, तरच ते नवं. आक्काने तेव्हा सुनेकडे बघितलं नाही. तीन वर्षं या दोन खोल्यांत दोघी राहत होत्या. रक्ताचं नातं नाही, ज्याच्यामुळे नातं होतं तो नाही, आणि आठवड्यातून तीन दिवस तरी अशी संध्याकाळ जायची की "मीठ कमी आहे का?" आणि "दिवा मालवू?" याखेरीज शब्द नसायचा. आक्काला कोणी धरून ठेवलं नव्हतं. हे तिला ठाऊक होतं, पण कोणी ते असं ताट पुसता पुसता बोलून टाकेल, असं वाटलं नव्हतं.

तो म्हणजे आक्काचा मुलगा. तीन वर्षांपूर्वी एका सकाळी त्याने सांगितलं की त्याचं दुसरीकडे जमलंय, आणि दोन बॅगा भरल्या, आणि बॅगा भरून झाल्यावर आईकडे बघून म्हणाला, "तू पण आवर." जसं काही आक्का तिसरी बॅग होती. तेव्हा आक्काची जीभ जी चालली तिची आठवण खालच्या मजल्यापर्यंत लोकांना आहे. "तुला मी पोटातून आणला," ती म्हणाली, "आणि हिला मी निवडून आणली. पोटातून काय निघतं ते बाईच्या हातात नसतं. निवडलेलं मी परत करत नसते." तो गेल्यावर सून स्वयंपाकघरात जमिनीवर बसून होती, तिच्यासमोर उभं राहून आक्काने शब्द दिला होता. कोणी मागितला नव्हता. "आजपासून त्याचा आवाज या कानांनी ऐकणार नाही. ऐकला, तर या घरात राहायला मी लायक नाही." घर सुनेच्या नावावर भाड्याने घेतलेलं, ते तिच्या लक्षातही नसेल. आक्काच्या लक्षात होतं. शब्द दिला की पायाखाली फरशी आल्यासारखं वाटतं, म्हणून दिला.

पंधरा दिवसांपूर्वी, दुपारी, सत्तेचाळीस नंबरचा मणी एका ओट्याला सव्वीस फेऱ्या मारून सत्ताविसावी मारत असताना, फोन वाजला. नंबर अनोळखी. बंद झाला, पुन्हा वाजला, पुन्हा. आक्काने लांब बटण दाबलं आणि फोन घेतला. "आई, मी," तो म्हणाला. आणि ती ठेवू शकली नाही. ठेवायचा हात होता, तो कानाशीच राहिला. "लहानपणी मला छातीचं झालं होतं ते कितव्या वर्षी गं? डॉक्टर विचारतायत." "सहाव्या," आक्का म्हणाली. "शाळेत घातला त्याच वर्षी. सतरा दिवस तू..." "दिवस नको, वर्ष पुरे. डावीकडे की उजवीकडे?" "डावीकडे." "डावी म्हणतेय," तो तिकडे कोणाला तरी म्हणाला. म्हणतेय. मग "एक मिनिट हं," आणि फोन कुठेतरी टेबलावर ठेवल्याचा आवाज, आणि त्या फोनमधून एक दवाखाना ऐकू येत राहिला. कोणाचं तरी पोर किरकिरत होतं, कोणी नंबर पुकारत होतं, खुर्ची सरकत होती. आक्का धरून उभी होती. सतरा दिवस तिने त्याला उशीला उशी लावून बसता ठेवला होता, आडवा केला की श्वास लागायचा. अठराव्या दिवशी त्याने स्वतःहून पाणी मागितलं होतं, ते सांगायचं तिच्या तोंडात येऊन थांबलं होतं. "बरं, झालं," तो परत येऊन म्हणाला, "ठेवतो." आणि ठेवला. दुसऱ्या कुठल्या तरी घरात टुंग टुंग वाजत असल्यासारखं तिला मधूनमधून ऐकू येत होतं, ते आपल्याच घरात वाजतंय हे फोन खाली ठेवल्यावर कळलं. लांब बटण नीट दाबलं गेलं नव्हतं. कोपऱ्यात एकशे तेवीस आकडा होता. तिचा शेवटचा ठिपका एकशे बाराचा.

अकरा ठिपक्यांचं भोक. आक्का खुर्चीत बसली, पेन हातात घेतलं. मघाच्या ओट्याशी आता कोणी नव्हतं. शेजारच्या ओट्याच्या कडेला एक मणी नुकताच लागून वळत होता. तोच असणार. दुसरं कोण असणार? आसपास दोघंतिघं होते, पण तिने त्यांच्याकडे बघितलं नाही. मनात काही लबाडी नव्हती. त्या वेळी तिच्या मनात काहीच नव्हतं, कानात एक दवाखाना होता आणि हात आपलं काम ओळखत होता. चाळीस वर्षं हाताने भोक दिसलं की एकच गोष्ट केली होती. एकशे बारापासून एकशे तेविसापर्यंत नजरेनेच धागा ताणला, आणि त्यावर अकरा ठिपके दिले, सारख्या अंतराने, सरळ. रफूचा धागा सरळच टाकतात. मग पुढचं टुंग झालं, पुढचा ठिपका दिला, आणि कागद संध्याकाळी सुनेच्या हातात गेला. सून म्हणाली होती, "अरे वा, हा सुटला!" आणि आक्का म्हणाली होती, "सुटणारच. सगळेच काही घरजावई नसतात."

आज कळत होतं की लॅब हलली ती त्या अकरा ठिपक्यांनी. एक मणी, गोल ओट्यावरून, पत्ता ठाऊक असल्यासारखा सरळ शेजारच्या ओट्यावर गेला. आक्का खोलीभर फिरली. टेबलावर पन्नासावा कागद लावलेला होता, पेन होतं. तिने बसून एक ठिपका द्यायचा प्रयत्न केला आणि टुंग झाल्यावर तिला मणी दिसेना, पडद्यावर नुसतीच करड्या रंगाची गिचमीड. सत्तेचाळीसची फिल्म आणि कागद लॅबमध्ये होते. असते तरी काय केलं असतं? सांगायचं म्हणजे दोन गोष्टी सांगाव्या लागणार होत्या, आणि पहिली दुसरीला लुगड्याच्या पदरासारखी ओढून आणणार होती. ठिपके खोटे का? कारण बघत नव्हते. बघत का नव्हतीस? कारण फोनवर होते. कोणाच्या? आणि तिथे फरशी संपत होती. न सांगावं, तर उद्या ती पोर चार जाणत्या लोकांपुढे उभी राहून आक्काच्या हाताचा धागा दाखवणार, आणि तो कधी ना कधी कोणी उसवणार. आक्का उठली. ती चपला घालून खाली उतरली.

कोपऱ्यावरच्या लॉन्ड्रीवाल्याकडे तिने वीस वर्षं रफूचं काम केलं होतं. आता काम येत नाही. लोक फाटलं की टाकतात. पण तो तिला स्टूल देतो आणि इस्त्री करता करता बोलतो. "काय आक्का, आज दुपारी? सुनेशी भांडलात?" "भांडायला ती घरी असावी लागते," आक्का म्हणाली. "तू इस्त्री बघ, कॉलर जाळशील." तो इस्त्री बघत राहिला. वाफेचा, स्टार्चचा, ओल्या सुताचा वास. भिंतीवर प्लास्टिकच्या पिशव्यांतले कोट टांगलेले. त्यांतला एखादा तिच्या हातचा असेल, आणि असला तरी तिला ओळखू येणार नव्हता. आयुष्यात पहिल्यांदाच तिला हे विचित्र वाटलं. चाळीस वर्षं केलेल्या कामातल्या एकावरही बोट ठेवून दाखवता येत नाही. "का रे," ती म्हणाली, "माझं काम तुला कधी दिसलं?" "दिसलं असतं तर दुसऱ्यांदा दिलं असतं का?" तो हसला. "मग तू गिऱ्हाइकाला कोट परत देताना सांगायचास का, की इथे इथे भोक होतं म्हणून?" त्याने इस्त्री उभी केली आणि म्हातारीचं काहीतरी बिघडलंय अशा नजरेने तिच्याकडे पाहिलं. "सांगायचं काय त्यात? भोक त्यानेच आणून दिलेलं असतं की. त्याला ठाऊकच असतं." पुढे तो वीज जाण्याबद्दल आणि आपल्या मेव्हण्याबद्दल बरंच बोलला. आक्का हो हो म्हणत होती. त्याला ठाऊकच असतं. चाळीस वर्षांत एकाही माणसाला तिने फसवलं नव्हतं, कारण प्रत्येकाने भोक आपल्या हाताने आणून तिच्यासमोर धरलं होतं. सुनेने भोक आणून दिलं नव्हतं. भोक आक्काचं होतं, आणि ते आक्काने एकटीने बघितलं होतं.

संध्याकाळी सून नेहमीपेक्षा लवकर आली, हातात गुंडाळी आणि गालावर रंग. टेबल मोकळं करून तिने सत्तेचाळीसचा कागद पसरला, कडांवर डबे ठेवले. आक्का बाजूला उभी राहिली. दोन आठवड्यांनी आपलं काम बघत होती. पहिले ठिपके ओट्याभोवती, कडेकडेने, थोडे पुढे थोडे मागे, जसे खरे असतात तसे वेडेवाकडे. आणि मग तो सरळ भाग. इतका नीटस, इतका देखणा, की तिला त्याची शिसारी आली. हिला दिसत नाही? एवढ्या शिकलेल्या पोरीला, सरांना? का दिसत नाही? "एकच अडचण आहे," सून म्हणत होती, "मी आज फिल्म पुन्हा पाहिली. सुटतो त्या जागी चकाकी आली आहे आणि दुसरा एक मणी मध्ये येतो. दोघांचा मिळून एकच डाग दिसतो. पुढे कोण कुठे गेला, ते मला काही लागलं नाही. पण मी सरांना म्हटलं, आमच्या आईंना लागलंय ना, त्या नजरेवर माझा भरवसा आहे. आणि खरं सांगू का, तुमच्याकडूनही तिथे चुकलं असलं, तरी दोष नाही हं. तिथे कोणालाच दिसलं नसतं."

दार उघडं होतं. इतकं सोपं. चकाकी होती गं, दुसरा मध्ये आला, माझ्या म्हाताऱ्या डोळ्यांचा गोंधळ झाला असेल बाई. ठिपके रद्द झाले असते, सून वाचली असती, फोन कुठेच आला नसता. नाक थोडं खाली आलं असतं, एवढंच. आक्काने टेबलाची कड धरली. आतून काहीतरी तिला त्या उघड्या दाराकडे रेटत होतं, आणि तिला स्वतःचाच राग आला, असा राग जो एरवी ती दुसऱ्यांसाठी राखून ठेवायची.

"चुकलं नाही," ती म्हणाली. "मी बघतच नव्हते."

"म्हणजे?"

"एकशे तेरापासून पुढचे अकरा. मी मनाने काढलेत. यंत्र चालू राहिलं, मी दुसरीकडे होते. मध्ये रिकामं दिसलं, ते भरून टाकलं."

सून कागदाकडे बघत होती. मग तिने एक बोट उचललं आणि त्या सरळ भागावरून न टेकवता फिरवलं. "अकराच्या अकरा?"

"अकराच्या अकरा."

"तुम्हाला कळतंय का आई, मी लोकांना काय सांगून बसलेय?"

"कळलं म्हणून तर बोलतेय."

"आणि बाकीचे? अठ्ठेचाळीस कागद आहेत बाकीचे!"

"बाकीचे खरे आहेत."

"कशावरून?" सून म्हणाली. ओरडून नाही, खालच्या आवाजात, एखादी वस्तू खरंच शोधत असल्यासारखी. आक्काच्या जिभेपुढे दुकानदार, शेजारणी, एक नवरा आणि एक मुलगा टिकला नव्हता. कशावरून. चाळीस वर्षांचा डोळा त्या शब्दाला पुरा पडत नव्हता.

सून उठली, खिडकीशी गेली, परत आली. "उद्या मी काय दाखवू? फिरणारे? ते सगळ्या जगाने पाहिलेत." मग खुर्चीत बसून तिने डोळे चोळले. "दुसरीकडे होते म्हणजे कुठे होता तुम्ही?"

"फोनवर."

"कोणाच्या?"

या घरात तीन वर्षं कोणी 'तो' म्हटलं की दूधवाला असायचा, नळवाला असायचा, मणी असायचा. "त्याच्या," ती म्हणाली, आणि तो शब्द खोलीत नुसता उभा राहिला. बाहेर कोणीतरी स्कूटर चालू करायला किक मारत होतं, ती चालू होत नव्हती. "मी शब्द दिला होता तो मोडला," आक्का म्हणाली. "इथे राहायचा मला काही हक्क नाही. कुठे जायचं ते मी उद्या बघते."

"उद्या मला आठ वाजता निघायचंय," सून म्हणाली. "तुमचं जाणंबिणं उद्या काढू नका." तिचा आवाज कोरडा होता; त्यात राग होता की नाही, ते आक्काला कळेना. तिने ड्रॉवरमधून लाल पेन काढलं. आक्का कपाटातला कापूस आणि स्पिरिटची बाटली आणायला वळली, ठिपके पुसायला. "नको," सून म्हणाली. "पुसत नाही आम्ही. आमच्यात भोक दाखवावं लागतं." तिने अकरा ठिपक्यांभोवती एक लाल रेघ ओढून बंद केली आणि बाजूला लिहिलं: पाहिलेले नाहीत. मग पेन आक्काकडे धरलं. "सही करा. बघणाऱ्याची लागते." आक्काने सही केली. तिला सही करायला वेळ लागायचा, एकेक अक्षर काढावं लागायचं, आणि सून तेवढा वेळ कागद दाबून धरून थांबली.

सही झाली तरी सुनेने हात उचलला नाही. ती त्या लाल रेघेकडे बघत होती. वर न बघता तिने विचारलं, "काय म्हणत होता?"

आक्काच्या तोंडात एक वाक्य तयार होऊन आलं. साधं, कुठे न खुपणारं. दोघी कशा आहात म्हणून विचारत होता. एवढंच. खोटं कोणाला कळणार होतं? तीन वर्षं आवळून धरलेलं त्या पोरीचं तोंड तेवढ्याने जरा सैल पडलं असतं, आणि ते बघून आपलंही. वाक्य जिभेवर गोड होतं. आक्काने ते गिळलं.

"छातीचं कधी झालं होतं, ते विचारलं. डॉक्टरला सांगायला."

"आणि?"

"आणि ठेवला."

"माझं काही..."

"नाही," आक्का म्हणाली. स्कूटर चालू झाली, गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू आली, मग ऐकू येईनाशी झाली. "माझंही नाही."